आधी सर्दी की आधी दमा?

जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि पाठोपाठ पाऊसही येतो. पहिल्या आठवड्यात वर्गात एकदोघेच शिंकत असतात. पंधरा दिवसांत अर्धा वर्ग नाक ओढत बसलेला दिसतो. बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात. एखाद्या मुलाचे मात्र तसे होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री त्याला धाप लागते, छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो आणि पुढचे काही दिवस त्याची जागा रिकामी राहते. पालक चिठ्ठीत लिहितात, 'सर्दी छातीत उतरली.' प्रत्यक्ष भेटले की आणखी एक वाक्य हमखास ऐकू येते, 'याला सर्दी कायमचीच आहे हो!'

ही दोन साधी वाक्ये आहेत, पण त्यांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. सर्दीमुळे दम्याचा झटका येतो का? सर्दीमुळे मुळात दमा निर्माण होतो का? आणि सर्दीचा विषाणू काही जणांच्या श्वासनलिकांमध्ये कायमचा मुक्काम ठोकतो का? वरवर पाहता तिन्ही प्रश्न सारखेच वाटतात. ते वेगळे आहेत हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. पहिल्याचे उत्तर आज आपल्याला ठामपणे देता येते, दुसऱ्याचे अर्धवट, आणि तिसऱ्याचे उत्तर बरेचसे 'नाही'कडे झुकते. या उत्तरांपर्यंतचा प्रवास कसा झाला, ते आपण पाहू.

जुने निरीक्षण

सर्दी आणि दमा यांची सोबत फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आली होती. चरकसंहितेत 'तमक श्वास' या विकाराचे जे वर्णन आहे, ते आजच्या डॉक्टरलाही ओळखीचे वाटेल. पडसे, घशातील घुरघुर, आडवे झाल्यावर वाढणारी आणि उठून बसल्यावर कमी होणारी धाप, ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी होणारा त्रास, हे सारे त्यात आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये राहणाऱ्या मैमोनिडीझ या वैद्याने दम्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच्या रुग्णाचा त्रास पावसाळी दिवसांत साध्या सर्दीने सुरू होई, अशी नोंद त्यात आहे. पुढे १६९८ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर याने दम्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः दम्याचा रुग्ण होता, त्यामुळे त्याची निरीक्षणे बारीक होती.

निरीक्षण पक्के होते, पण कारण कोणालाच ठाऊक नव्हते. थंडी, ओल, कफ, वारा यांपैकी जे डोळ्यांना दिसे किंवा अंगाला जाणवे, त्यालाच कारण मानले जाई.

दिसतो तो आरोपी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांच्या कामामुळे जंतूंचे युग सुरू झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू दिसू लागले, काचेच्या बशीत वाढवता येऊ लागले. त्याच सुमारास दुसरी एक कल्पना पुढे आली. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने 'ॲलर्जी' हा शब्द वापरात आणला. ॲलर्जी म्हणजे वावडे : जी वस्तू इतरांना निरुपद्रवी असते, तिच्याविरुद्ध शरीराने केलेला आततायी प्रतिकार. परागकण, धूळ, जनावरांचे केस यांनी काहींना धाप लागते, याचा अर्थ आता लावता येऊ लागला.

पण पुष्कळ रुग्णांमध्ये असे वावडे सापडेना. बॉस्टनच्या फ्रान्सिस रॅकमन यांनी १९१८ साली दम्याच्या रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाचे कारण शरीराबाहेर, दुसऱ्याचे शरीराच्या आत. आत म्हणजे कुठे? त्या काळातील अनेक डॉक्टरांचे उत्तर होते : दातांच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये, नाकाजवळच्या पोकळ्यांत दडून बसलेल्या जीवाणूंमध्ये. मग दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. रुग्णाच्याच थुंकीतील जीवाणू वाढवून, मारून, त्यांची लस त्यालाच टोचली गेली. हे डॉक्टर अडाणी नव्हते. सर्दी झाली की दमा वाढतो हे त्यांना दिसत होते, आणि थुंकीत जीवाणूही दिसत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चूक झाली ती दोहोंची सांगड घालताना. जे दिसत नव्हते ते त्यांच्या हिशेबात आलेच नाही.

न दिसणारी वस्तू तोवर दारात येऊन उभी होती. १९१४ साली जर्मनीत वाल्टर क्रूझे याने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्राव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि तो निरोगी माणसांच्या नाकात घातला. त्यांतील काहींना सर्दी झाली. याचा अर्थ, सर्दी आणणारी वस्तू जीवाणूपेक्षा बारीक होती. तिला आपण आज विषाणू म्हणतो. पण ती पकडायची कशी, हा प्रश्न पुढची चाळीस वर्षे सुटला नाही.

नाकाचे तापमान

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, इंग्लंडमधील सॉल्सबरी गावाजवळ एक अजब संशोधन केंद्र सुरू झाले. युद्धकाळातील एका रिकाम्या रुग्णालयाच्या बराकींत स्वयंसेवक येऊन राहत. त्यांच्या नाकात सर्दीचा स्राव किंवा नुसते खारे पाणी घालत आणि काय होते ते पाहत. हे केंद्र १९९० पर्यंत चालले. तेथे डेव्हिड टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० साली एक महत्त्वाची गोष्ट साधली. विषाणू जिवंत पेशींतच वाढतो, म्हणून प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला वाढवत. टिरेल यांच्या गटाने त्या ३३ अंशांना ठेवल्या. नाकातून सतत हवा खेळत असते, त्यामुळे नाकाच्या आतील तापमान साधारण एवढेच असते. तापमान उतरवल्याबरोबर सर्दीचे विषाणू एकामागून एक वाढू लागले. त्यांतील काही अमेरिकेत १९५६ च्या सुमारास आधीच सापडले होते. या गटाला पुढे 'ऱ्हायनोव्हायरस' म्हणजे नाकाचा विषाणू असे नाव मिळाले. आज त्याचे दीडशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी अडवत नाही. माणसाला जन्मभर सर्दी होत राहते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

याच सुमारास आणखी एक विषाणू सापडला. १९५६ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली आणि त्यांच्यापासून एक नवा विषाणू वेगळा काढण्यात आला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांना तोच विषाणू आजारी तान्ह्या मुलांत आढळला. लागण झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे मोठे पुंजके होतात, म्हणून त्याला 'रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस' म्हणतात. आपण त्याला थोडक्यात आरएसव्ही म्हणू. तान्ह्या मुलांच्या बारीक श्वासनलिका सुजवणारा हा सर्वांत मोठा गुन्हेगार आहे.

३३ अंशांच्या शोधाने मात्र एक नवा गैरसमजही दिला. ऱ्हायनोव्हायरसला थंडावा मानवतो, मग तो उबदार छातीत कशाला जाईल? त्यामुळे हा विषाणू नाकापुरताच आहे, असे बरीच वर्षे मानले गेले. पुढे लक्षात आले की मोठ्या श्वासनलिकांमध्येही आत येणाऱ्या हवेमुळे तापमान ३७ अंशांपेक्षा कमी असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० च्या सुमारास, प्रयोगासाठी सर्दी दिलेल्या स्वयंसेवकांच्या श्वासनलिकांतही हा विषाणू सापडला. 'सर्दी छातीत उतरली' हे आपल्या आजीचे वाक्य अशा रीतीने बरेचसे खरे ठरले.

पहिला प्रश्न : झटका

दरम्यान १९६६-६७ साली अमेरिका आणि स्वीडनमध्ये आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाचा शोध लागला. दमा म्हणजे ॲलर्जी, हे समीकरण घट्ट झाले. विषाणूंवर काम करणारे एकीकडे आणि दम्यावर काम करणारे दुसरीकडे, अशी स्थिती होती.

१९७३ साली डेन्व्हर येथे केनेथ मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या लहान मुलांवर लक्ष ठेवून घसा-नाकाचे नमुने तपासले. झटक्यांचा संबंध विषाणूंशी दिसला, जीवाणूंशी दिसला नाही. दात आणि टॉन्सिल यांचा जुना खटला येथे निकालात निघाला, असे म्हणायला हरकत नाही. तरीही त्या काळच्या अभ्यासांत बऱ्याच झटक्यांच्या वेळी विषाणू सापडत नसे. कारण विषाणू पेशींत वाढवून दाखवावा लागे, आणि अनेक प्रकार वाढतच नसत.

१९८० च्या दशकात पीसीआर हे तंत्र आले. नमुन्यातील विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढून तो ओळखता येऊ लागला. हे तंत्र वापरून इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे सेबॅस्टियन जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ९ ते ११ वर्षांच्या १०८ मुलांचा तेरा महिने पाठपुरावा केला. मुले घरीच रोज पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडा लिहीत आणि सर्दी झाली किंवा धाप लागली की कळवत. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा त्रासाच्या सुमारे ८० ते ८५ टक्के प्रसंगी विषाणू सापडला, आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा गट सर्वांत मोठा होता. त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवले की दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या शाळांच्या सत्रांबरोबर वरखाली होते.

मग असे समजायचे का, की दमेकऱ्याला सर्दीच जास्त वेळा होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक छान युक्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. एकत्र राहणारी ७६ जोडपी निवडली गेली. प्रत्येक जोडप्यातील एकाला दमा होता, दुसऱ्याला नव्हता. घर तेच, हवा तीच, पाहुणेही तेच. ऱ्हायनोव्हायरसची लागण दोघांना जवळजवळ सारखीच होत होती, पण दमेकरी जोडीदाराला छातीचा त्रास अधिक तीव्र आणि अधिक दिवस होई. फरक येणाऱ्या विषाणूंच्या संख्येत नव्हता, श्वासनलिकेने दिलेल्या प्रतिसादात होता.

तो फरक कोणता असावा? लागण झालेली पेशी शेजारणींना सावध करणारे 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन सोडते, हे १९५७ मध्येच लंडनला कळले होते. २००५ साली साउदॅम्प्टनच्या गटाला आढळले की दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेतील पेशी ऱ्हायनोव्हायरसची लागण झाल्यावर एक इंटरफेरॉन कमी प्रमाणात बनवतात, आणि विषाणू त्यांत अधिक वाढतो. पुढे सर्वच प्रयोगशाळांना असे दिसले नाही, तेव्हा हा मुद्दा अजून वादाचा आहे. पण ॲलर्जी आणि विषाणू ही दोन कारणे एकमेकांची स्पर्धक नाहीत, हे स्पष्ट होत गेले. २०११ साली अमेरिकेत शहरी मुलांना आयजीई निकामी करणारे औषध दिले, तेव्हा शाळा उघडण्याच्या मोसमात येणारे झटके बरेच कमी झाले. सर्दी येत होतीच. ॲलर्जीचा जोर कमी केल्यावर ती तेवढी बाधत नव्हती.

दुसरा प्रश्न : दमा कोण निर्माण करतो?

पहिल्या पावसात घराचे छत गळू लागते. पावसाने भोक पाडले, की आधीच असलेले भोक दाखवून दिले? विषाणू आणि दमा यांबाबत हाच प्रश्न आहे.

स्वीडनमधील बोरोस येथे १९८९-९० च्या हिवाळ्यात आरएसव्हीमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ४७ तान्ह्या मुलांचा पाठपुरावा झाला. तुलनेसाठी तेवढ्याच वयाची ९३ मुले घेतली होती. सात वर्षांची होईपर्यंत पहिल्या गटातील ३० टक्के मुलांना दमा झाला होता, दुसऱ्या गटात ३ टक्के. हा फरक डोळ्यांत भरणारा होता. पण अमेरिकेतील टूसॉन येथे हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू होता. तेथे आरएसव्हीमुळे वाढलेला धोका वयाबरोबर ओसरत गेला आणि तेराव्या वर्षी तो उरला नव्हता. पहिला अभ्यास गंभीर आजारी मुलांचा होता, दुसरा गावातील सर्वसाधारण मुलांचा. कोणाला मोजले, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे येथे दिसते.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली आले. त्यात आई किंवा वडिलांना ॲलर्जी अथवा दमा असलेली मुले होती. पहिल्या तीन वर्षांत ज्यांना ऱ्हायनोव्हायरसने धाप लागली, त्यांच्यात सहाव्या वर्षी दमा असण्याचा धोका संख्याशास्त्राच्या हिशेबाने सुमारे दहापट होता. आरएसव्हीच्या बाबतीत तो अडीचपटीच्या आसपास होता. म्हणजे 'साधी' सर्दीच अधिक सूचक निघाली.

सूचक म्हणजे कारण नव्हे. कारण सिद्ध करायचे तर विषाणूला रोखून पाहिले पाहिजे. नेदरलँड्समध्ये तसे केले गेले. थोड्या लवकर जन्मलेल्या ४२९ बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीला अडवणारी प्रतिपिंडे टोचली, उरलेल्यांना नुसते निरुपद्रवी पाणी. पहिल्या वर्षात प्रतिपिंडे मिळालेल्या बाळांचे धाप लागण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी घटले. पण सहा वर्षांनी फुप्फुसांची क्षमता मोजली, तर दोन्ही गटांत फरक नव्हता. डॉक्टरांनी निदान केलेला दमाही दोन्हीकडे जवळजवळ सारखाच होता. पालकांनी सांगितलेला तेवढा कमी होता. म्हणजे पाऊस थांबवला तेव्हा गळती थांबली, छत मात्र दोन्हीकडे सारखेच निघाले.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांना बालपणी तीव्र झटके येणाऱ्या मुलांत एका जनुकाचा विशिष्ट प्रकार अधिक आढळला. पुढच्याच वर्षी कळले की या जनुकाचे प्रथिन म्हणजे ऱ्हायनोव्हायरसच्या 'सी' गटाला पेशीत शिरू देणारे दार आहे. काही मुलांची दारेच अधिक उघडी असतात. म्हणून आज आपण एवढेच म्हणू शकतो की भोक बहुधा आधीचे असते, पण वारंवारचा पाऊस ते मोठे करत असावा.

तिसरा प्रश्न : कायमचा मुक्काम

काही विषाणू शरीरात खरोखर कायमचे राहतात. कांजिण्यांचा विषाणू मज्जापेशींत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर येतो. मग श्वासनलिकेत असे काही होत असेल का?

ॲडिनोव्हायरस हा विषाणू सापडला तोच मुळी १९५३ साली मुलांच्या काढून टाकलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींतून. तेथे तो गुपचूप राहत होता. जीवाणूंच्या संशयावरून ज्या ऊती कापून टाकल्या जात, त्यांत असे पाहुणे होते! १९९० च्या दशकात कॅनडातील व्हँकूव्हर येथे श्वासमार्ग अरुंद झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत या विषाणूच्या जनुकाचे अवशेष अधिक सापडले. १९९४ साली स्लोव्हेनियातील डॉक्टरांना, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या दमेकरी मुलांतील बहुतेकांत त्याची चिन्हे आढळली. त्याच काळात गिनीपिगमध्ये, आणि पुढे उंदरांमध्ये, आरएसव्हीचे अंश आजार ओसरल्यानंतरही टिकून राहिलेले दिसले. दम्याचे मूळ सापडले, असे अनेकांना वाटले.

पण दम्याच्या सर्व रुग्णांना हे लागू पडेना. आणि ऱ्हायनोव्हायरसची गोष्ट तर वेगळीच निघाली. एका मुलाच्या नाकात महिनोन् महिने हा विषाणू सापडत राहतो, हे खरे होते. मात्र जनुकीय धाग्यातील अक्षरक्रम वाचता येऊ लागल्यावर कळले की तो तोच विषाणू नसतो. या महिन्यात एक प्रकार, पुढच्या महिन्यात दुसरा, अशी रांग असते. सुदृढ मुलात एक लागण बहुधा काही आठवड्यांत पूर्ण संपते. अपवाद आहेत : फुप्फुसांचे रोपण झालेल्या, प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेल्या काही रुग्णांत तोच विषाणू अनेक महिने टिकल्याचे जिनिव्हाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले. पण अपवाद ते अपवादच.

येथे आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठीही एक धडा आहे. पीसीआरला तुकडा सापडला म्हणजे जिवंत विषाणू सापडला असे नव्हे, आणि जिवंत सापडला तरी तोच आजाराचे कारण असे नव्हे. ठणठणीत मुलांच्या नाकातही ऱ्हायनोव्हायरस बऱ्याचदा सापडतो. पूर्वी थुंकीत दिसलेल्या जीवाणूला जसे गुन्हेगार ठरवले, तसेच आज तुकड्याच्या बाबतीत होऊ शकते.

वर्गात याचा उपयोग काय?

पहिली गोष्ट म्हणजे सर्दी संसर्गजन्य आहे, दमा नाही. दमेकरी मुलाला वेगळे बसवण्याचे काही कारण नाही. दुसरी, विषाणूंवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. सर्दीने आलेल्या प्रत्येक झटक्याला ती औषधे मागणे म्हणजे जुन्याच चुकीची नवी आवृत्ती होय. तिसरी, श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवणारा इनहेलर डॉक्टरांनी नियमित घ्यायला सांगितला असेल, तर मूल बरे दिसते म्हणून तो बंद करू नये. सर्दी टाळणे आपल्या हाती फारसे नसते, पण ती आली तर छाती तयार असावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून वाढत्या वयाच्या मुलांकडे आहे. आरएसव्हीच्या लशीचा पहिला प्रयत्न १९६६ च्या सुमारास अमेरिकेत झाला आणि फसला. लस घेतलेल्या बालकांनाच लागण झाल्यावर अधिक गंभीर आजार झाला आणि दोन बालके दगावली. त्यामुळे हे काम कित्येक दशके मागे पडले. २०२३ पासून काही देशांत गरोदर मातांना द्यायची नवी लस आणि बाळांना द्यायची दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे वापरात आली आहेत. ही बाळे शाळेत जाऊ लागतील, तेव्हा त्यांच्यात दमा कमी आहे का, हे कळेल.

तोवर तिसऱ्या प्रश्नाचा पडताळा आपल्याला वर्गातच घेता येईल. लहान मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. प्रत्येक वेळी दहा दिवस धरले, तर साठ ते ऐंशी दिवस होतात, आणि ते बहुतेक पावसाळ्यात व हिवाळ्यात येतात. पालकांना सर्दी 'कायमची' वाटते ती यामुळेच. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत विद्यार्थ्यांना स्वतःच्या सर्दीची वही ठेवायला सांगा : कोणत्या तारखेला सुरू झाली, कधी थांबली, घरात आणि बाकावर शेजारी आधी कोणाला झाली होती, धाप लागली का. वर्षाच्या शेवटी सगळ्यांच्या नोंदी एका मोठ्या कागदावर ओळीने मांडा. एकच लांब रेघ निघते, की मध्ये मोकळ्या जागा असलेल्या अनेक लहान रेघा, ते मुलांनाच मोजू द्या.